संकेतस्थळाचे काम : कारागिराला द्यावे की कंपनीला?

(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संघाचे स्वतःचे संकेतस्थळ असावे की नसावे, ह्या प्रश्नाचा निकाल आपण मागील सर्वसाधारण सभेत लावला आहे. तेव्हा त्याविषयी मी आता काही बोलणार नाही. मंडळापुढे आज उरलेला प्रश्न असा आहे की, हे काम स्वतंत्रपणे धंदा करणाऱ्या एखाद्या कारागिराला, ज्याला व्यवहारात फ्रीलान्सर म्हणतात त्याला, सांगावे, की हाच व्यवसाय करणाऱ्या एखाद्या कंपनीकडे सोपवावे. दोन्ही प्रकारची दरपत्रके आली आहेत, आणि त्यांतील रकमांत इतके अंतर आहे की आपल्या खजिनदारांनी ती चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचली. एकाच कामाला एक मनुष्य इतके कमी मागतो आणि दुसरा इतके जास्त मागतो, तेव्हा दोघांपैकी एक कोणीतरी आपणांस फसवीत असला पाहिजे, अशी शंका सभासदांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

माझ्या धंद्यातील आयुष्याचा पूर्वार्ध अशा कंपन्यांच्या नोकरीत गेला आणि उत्तरार्ध स्वतंत्रपणे काम करण्यात चालला आहे. दोन्ही घरचे मीठ खाल्ले असल्यामुळे मला कोणा एका पक्षाची वकिली करावयाची नाही. शिवाय हा प्रश्न केवळ संघाचा नाही. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांची दुकाने आहेत, कोणाचा दवाखाना, कोणाचे शिकवणीवर्ग, कोणाची खानावळ. त्यांनाही आज ना उद्या हाच प्रश्न पडावयाचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने बोललो तर आपण सांभाळून घ्याल अशी आशा आहे.

ही विद्या फारशी जुनी नव्हे. वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली ह्या एका गृहस्थांनी १९८९ साली जिनीव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत मांडली, आणि जगातील पहिले संकेतस्थळ १९९१ मध्ये तेथेच उभे राहिले. आपल्या देशात सर्वसामान्य नागरिकास इंटरनेटची जोडणी मिळू लागली ती १५ ऑगस्ट १९९५ पासून. पहिल्या संकेतस्थळाची बुद्धी एका माणसाची होती आणि यंत्र, वीज व पगार संस्थेचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे एकटा कारागीर आणि संघटित संस्था ह्यांची सोयरीक पहिल्या दिवसापासूनच जुळलेली आहे असे गमतीने म्हणता येईल.

दरांतील अंतराचा उलगडा आपल्या परिचयाच्या एका उदाहरणाने होईल. लग्नकार्यात जेवणाची व्यवस्था आपण दोन रीतींनी करतो. एक तर आचारी बोलावतो, नाही तर सगळ्याचे कंत्राट देतो. आचारी बोलावला म्हणजे किराणा आपण भरावयाचा, भाजी आपण आणावयाची, वाढपी आपण पाहावयाचे, आणि घरातील एका जाणत्या माणसाने पहाटेपासून मुदपाकखान्यात उभे राहावयाचे. खर्च बेताचा येतो, आणि आमटी अगदी आपल्या घरच्या वळणाची होते. कंत्राट दिले म्हणजे ताटामागे दर जास्त पडतो, पण ऐन पंगतीत तूप संपले तर यजमानाला धावावे लागत नाही. तो जादा दर अन्नाचा नसून निश्चिंतीचा असतो. आणि आचारी ऐन वेळी तापाने पडला, तर तुमच्याकडे दुसरा आचारी नसतो. कंत्राटदाराकडे तो असतो, निदान असावयास हवा.

संकेतस्थळाचेही असेच आहे. कंपनीच्या दरात रूपरेषा काढणारा एक, प्रणाली लिहिणारा दुसरा, तपासणारा तिसरा, आणि तुमच्याशी गोड बोलून निरोप पोचविणारा चौथा, अशा चौघांचा पगार असतो. त्यांच्या कचेरीचे भाडे असते. कोणी नोकरी सोडून गेला तर त्याची जागा भरून काढण्याची तरतूद असते. कारागीर ही चारही कामे एकटाच करतो. त्याला भाडे नाही, निरोप्या नाही, आणि म्हणूनच तुम्ही बोललेले वाक्य थेट काम करणाऱ्याच्या कानी पडते. हा फायदा लहान नव्हे. कंपनीत असताना मी असे पाहिले आहे की ग्राहकाने सांगितलेली गोष्ट तीन टेबलांवरून फिरून माझ्यापर्यंत येईतो तिचा अर्थ पालटलेला असे. उलट एकट्या माणसाचे कष्ट कितीही प्रामाणिक असोत, त्याला दिवसाचे तास चोवीसच असतात. त्याने एकाच महिन्यात चार कामे पत्करली म्हणजे त्यांतले जे ग्राहक गप्प बसतात, त्यांचे काम मागे पडते. संस्था बहुधा गप्प बसणाऱ्यांतच असतात.

तथापि कंपनी म्हटली की काम चोख होणारच, ही समजूत मात्र सोडावी. अमेरिकेच्या केंद्र सरकारने आरोग्यविम्याच्या नोंदणीसाठी हेल्थकेअर डॉट गव्ह हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू केले. पैशाची वाण नव्हती, आणि कामावर एक नव्हे तर कित्येक नामांकित कंपन्या होत्या. पहिल्या दिवशी लक्षावधी लोक तेथे येऊन थडकले, आणि नोंदणी अखेरपर्यंत पूर्ण करू शकले ते अवघे सहाजण. पुढे चौकशी झाली, तेव्हा मुख्य दोष निघाला तो असा की, सर्व कामाची जबाबदारी शिरावर घेणारा स्पष्ट असा एक धनी सरकारच्या बाजूला नव्हता. निवडक अनुभवी माणसांची एक लहानशी तुकडी आणून बसविली, तेव्हा काही आठवड्यांत गाडी रुळावर आली. म्हणजे मंडळी, कंत्राट दिले तरी यजमान लागतोच. मंडळाने आपल्यातील एका व्यक्तीस ह्या कामाची मुखत्यारी द्यावी, आणि बाकीच्या चौदा जणांनी आपल्या सूचना तिच्याकडेच द्याव्यात. चौदा जणांनी चौदा रंग सुचविले, तर कोणताही कारागीर किंवा कंपनी ते काम धडपणे करू शकणार नाही.

आणखी एक आतली गोष्ट सांगतो. पुष्कळ लहान कंपन्या घेतलेले काम आपल्या कचेरीत करीतच नाहीत. त्या ते बाहेरच्या एखाद्या फ्रीलान्सरला देतात आणि मधला फरक ठेवून घेतात. ह्यात बेकायदा काही नाही. परंतु दर निश्चिंतीचा द्यावयाचा आणि काम मात्र अनोळखी एकट्या माणसाने करावयाचे, हा सौदा आपल्या हिताचा नव्हे. म्हणून कंपनीला पहिला प्रश्न विचारावा तो हा की, प्रत्यक्ष काम कोण करणार आहे आणि ती व्यक्ती तुमच्या पगारावर आहे काय. कारागिराला पहिला प्रश्न विचारावा तो हा की, तुम्ही दोन महिने अंथरुणाला खिळलात तर आमचे काम कोण पाहील. चांगल्या कारागिराकडे ह्याचे उत्तर तयार असते. त्याचा कोणी समव्यवसायी मित्र ठरलेला असतो आणि तो त्याचे नाव सांगतो. जो ह्या प्रश्नाने रागावतो, त्याला नमस्कार करून परत पाठवावे. दोघांनाही पूर्वी केलेली कामे दाखविण्यास सांगावे, आणि ती नुसती पाहून न थांबता त्यांच्या मालकांना दूरध्वनी करून विचारावे. दोन वर्षांपूर्वीचा ग्राहक आजही समाधानी आहे काय, एवढे एकच विचारले तरी पुरे.

ह्या दोघांखेरीज एक तिसरा उमेदवार प्रत्येक ज्ञातिसंस्थेत असतोच. तो म्हणजे घरचा मुलगा. अमुकांचा भाचा संगणकशास्त्र शिकतो आहे, तो हौसेने फुकट करून देईल, असा प्रस्ताव आपल्या सभेतही येऊन गेला. मुलाच्या हौसेचे मला कौतुक आहे. पण परीक्षा आली की काम थांबते, नोकरी लागून तो बंगळूरला किंवा परदेशी गेला की ते कायमचे थांबते, आणि ज्याला आपण एक पैसा दिलेला नाही त्याला जाब कोणत्या तोंडाने विचारावयाचा? शिवाय ज्ञातीतील जी मुले स्वतंत्रपणे हाच व्यवसाय करून पोट भरीत आहेत, त्यांच्यावर हा अन्याय आहे. त्यांच्याकडून काम करून घ्यावयाचे असेल तर बाजारभावाने आणि ठरल्या तारखेस पैसे देऊन करून घ्यावे. ‘आपलाच आहेस’ असे म्हणून सहा महिने बिल थकविणारी माणसे मला माहीत आहेत. त्यांपैकी काही आज पहिल्या रांगेत बसली आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. कारागीर की कंपनी, हा प्रश्न महत्त्वाचा खरा, पण त्याच्या आधीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो कोणी विचारीत नाही. तो असा की, घराच्या किल्ल्या कोणाच्या हाती राहणार? संकेतस्थळाच्या तीन किल्ल्या असतात. पहिली डोमेनची, म्हणजे पत्त्याच्या नावाची. दुसरी होस्टिंगची, म्हणजे ज्या सर्व्हरवर सर्व मजकूर ठेवलेला असतो त्या जागेची. तिसरी आतील व्यवस्थापनाच्या पासवर्डची. ह्या तिन्ही धन्याच्या हाती असतील, तर कारागीर पळाला किंवा कंपनी बुडाली तरी नुकसान थोडक्यात आटोपते, कारण दुसरा माणूस आणून काम पुढे चालविता येते. त्या दुसऱ्याच्या हाती असतील, तर उत्तमोत्तम कंपनी नेमूनही आपण आपल्याच घरात भाडेकरू असतो.

ह्यांतील डोमेनची किल्ली सर्वांत महत्त्वाची. नाव विकत मिळत नाही, ते ठरावीक वर्षांपुरते नोंदवावयाचे असते. डॉट कॉमसारखी नावे एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी घेता येतात. मुदत संपून नूतनीकरण झाले नाही, तर थोड्या दिवसांच्या सवलतीनंतर ते तीस दिवस जबर शुल्क भरून सोडवून घेता येते, आणि तेही टळले की काही दिवसांतच कोणाही वाटसरूस ते घेण्यास मोकळे होते. माझ्या ओळखीच्या एका व्यापारी गृहस्थांचे असेच झाले. त्यांचे काम करणाऱ्या कारागिराने नाव स्वतःच्याच खात्यात नोंदविले होते. काही वर्षांनी त्याने धंदा बदलला आणि जुना ईमेल पाहणेही सोडून दिले. नूतनीकरणाच्या सूचना येत राहिल्या त्या त्याच ओस पडलेल्या पेटीत. ह्या गृहस्थांना कळले तेव्हा त्यांच्या पंचवीस वर्षांच्या पेढीच्या नावावर परक्या देशातील जुगाराची जाहिरात झळकत होती. बिलबुकावर, पाटीवर, पिशव्यांवर, सर्वत्र तोच पत्ता छापलेला. कारागीर लबाड नव्हता. त्याने पैसे खाल्ले नव्हते. आरंभी नाव कोणाच्या नावे घ्यावयाचे, एवढेच कोणी बोलले नव्हते.

येथे कंपनीवाल्यांनी सुस्कारा सोडू नये. दुसऱ्या एका संस्थेने सर्व काम एका कंपनीकडे दिले. कंपनीने ते स्वतःच्याच घडणीच्या प्रणालीवर बांधले, जी दुसऱ्या कोणासही उघडता येत नव्हती. चार वर्षे देखभालीचा आकार वाढत गेला. संस्थेने काम काढून घ्यावयाचे ठरविले, तेव्हा तिच्या हाती आली ती फक्त मजकुराची एक फाइल आणि काही छायाचित्रे. घर पुन्हा पायापासून बांधावे लागले. म्हणून शक्य तेथे वर्डप्रेससारख्या खुल्या प्रणालीचा आग्रह धरावा. ती २००३ साली प्रथम प्रसिद्ध झाली, तिला परवान्याचे मूल्य पडत नाही, आणि ती जाणणारे कारागीर गावोगाव मिळतात. मात्र तिला जोडावयाचे काही भाग वार्षिक वर्गणीचे असतात. त्यांची खरेदीदेखील आपल्याच नावे असावी. आणि हे भाग वेळच्या वेळी अद्ययावत केले नाहीत तर चोरांना खिडकी उघडी राहते, म्हणून वार्षिक देखभालीचा करार केल्यावाचून काम करवूच नये.

फुकट मिळणाऱ्या जागेचा मोह होतो, त्याविषयी दोनच वाक्ये. जिओसिटीज नावाची सेवा १९९४ पासून लोकांना विनामूल्य पाने देत असे. याहू कंपनीने ती १९९९ मध्ये विकत घेतली आणि २००९ मध्ये अमेरिकेतील दुकान बंद केले. लहान दुकानदारांना गूगलने फुकट करून दिलेली संकेतस्थळेही मार्च २०२४ मध्ये अशीच बंद झाली.

किल्ल्यांविषयी बोलताना एक अप्रिय गोष्ट सांगणे प्राप्त आहे. पुष्कळदा नाव कारागिराच्या नावे नसते, ते त्या वेळच्या चिटणीसांच्या खाजगी ईमेलवर आणि खाजगी मोबाइलवर नोंदलेले असते. आपले पदाधिकारी दर तीन वर्षांनी बदलतात. दफ्तर, शिक्का आणि पासबुक ह्यांची देवघेव यादीवर सह्या करून होते. त्या यादीत ह्या तीन किल्ल्यांची ओळ घालावी. खाते कार्यालयाच्या कायम ईमेलवर असावे, आणि मोबाइल क्रमांकही कार्यालयाचाच असावा, कारण पासवर्ड बदलावयाचा झाला की संकेतांक त्याच क्रमांकावर येतो.

किल्ल्यांनंतर मालकीचा प्रश्न. पैसे आपण दिले, तेव्हा लिहिलेली प्रणाली आणि काढलेली चित्रे आपल्या मालकीची झाली, असे आपण सारेच धरून चालतो. कायदा तसे म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात संगणकाची प्रणाली ही वाङ्मयीन कृती मानलेली आहे, आणि तिचा पहिला मालक म्हणजे तिचा कर्ता. कर्ता पगारदार नोकर असेल तर त्याचा मालक. म्हणजे कारागिराकडून करविले तर मालकी कारागिराची, आणि कंपनीकडून करविले तर कंपनीची. दोन्ही ठिकाणी आपण बाहेरच! मोबदला देऊन काढवून घेतलेले छायाचित्र मात्र, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाराचे ठरते. बाकीच्या कामाचे हक्क आपल्याकडे यावयाचे तर ते लेखी आणि सही करून अभिहस्तांतरित करावे लागतात. तेथेही एक खाच आहे. लेखात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाचच वर्षांसाठी दिले असे धरले जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. आपले कितीतरी सभासद आखाती देशांत आणि अमेरिकेत आहेत, हे आठवावे. तेव्हा करारपत्रात ‘संपूर्ण मुदतीसाठी व जगभरासाठी’ हे शब्द पडलेच पाहिजेत. आपल्या ज्ञातीत वकिलांची उणीव नाही. त्यांच्याकडून एक पान लिहून घेण्यास किती वेळ लागावा?

आता ज्या गोष्टीने मला खरोखर काळजी वाटते, तिच्याविषयी बोलतो. संकेतस्थळावर वधूवर सूचक विभाग असावा अशी सर्वांची इच्छा आहे, आणि ती योग्यच आहे. त्या विभागात काय काय असेल, ह्याचा क्षणभर विचार करा. आपल्या मुलींची नावे, छायाचित्रे, जन्मवेळा, नोकरीची ठिकाणे, आणि वडिलांचे दूरध्वनी क्रमांक. आज ही माहिती कार्यालयातील कपाटात एका वहीत आहे, आणि वही पाहावयास येणाऱ्या पालकांची सही घेतली जाते. वही चोरीस गेली तर ती गेल्याचे दुसऱ्या दिवशी कळते. संगणकावरील यादी चोरीस गेली तर कळतही नाही, कारण मूळ यादी जागच्या जागीच असते. एखाद्या कारागिराने कामाच्या सोयीसाठी ती आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि तो लॅपटॉप पुढे जुन्या बाजारात विकला, तर त्या माहितीचे काय होईल ते सांगावयास नको.

ह्या बाबतीत सरकारनेही कायदा केला आहे. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ मध्ये झाला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि माहिती बाळगणाऱ्यांवरील मुख्य बंधनांस तेथून अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. त्या कायद्याने माहिती गोळा करणारी संस्था जबाबदार धरली आहे. काम दुसऱ्याकडून करविले, तरी जबाबदारी संस्थेवरून हलत नाही, आणि ते दुसऱ्याला द्यावयाचे तर रीतसर करारानेच द्यावे लागते. सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आपल्यासारख्या संस्थेस एवढा दंड होईल असे मी म्हणत नाही, पण कायद्याने ही गोष्ट किती गंभीर मानली आहे ते त्या आकड्यावरून दिसते. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घ्यावयाची तर पालकांची खातरजमा केलेली संमती लागते. विद्यार्थी साहाय्य निधीचे निम्मे अर्ज अशाच मुलांचे असतात.

म्हणून माझी शिफारस अशी आहे की, हे काम एक न समजता दोन समजावे. संघाची माहिती, सभागृहाचे नियम, कार्यक्रमांची वृत्ते आणि जुन्या स्मरणिका, हा भाग उघडा आहे. त्यात गुप्त काही नाही. तो एखाद्या चांगल्या कारागिराकडून वर्डप्रेसवर करवून घ्यावा. कंपनीला त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे मला कारण दिसत नाही. सभासदांची सूची, वधूवर विभाग आणि देणग्यांची वसुली हा दुसरा भाग मात्र एकट्या माणसावर टाकू नये, तो माणूस कितीही सज्जन असो. तेथे माहिती कोणी केव्हा पाहिली ह्याची नोंद, रोजचा बॅकअप, आणि रात्री-अपरात्री बिघाड झाल्यास उभा राहणारा दुसरा माणूस, हे सारे लागते. ते लेखी बांधून घेऊन कंपनीकडे द्यावे. आणि त्या कंपनीचा दर आज झेपत नसेल, तर दोन वर्षे वही कपाटातच राहू द्यावी. तिने आजवर कोणाचे काही बिघडविलेले नाही.

कुटुंबांच्या धंद्याविषयी मला फार सांगावयाचे नाही. दवाखाना, शिकवणीवर्ग, खानावळ ह्यांना पाच-सात पाने पुरतात, आणि त्यांनी बेलाशक कारागीर नेमावा. ज्यांच्याकडे दिवसाकाठी मागण्या येतात, पैसे जमा होतात आणि मालाचा हिशेब त्याच्याशी जुळवावा लागतो, त्यांनी कंपनीचा विचार करावा. कराचे एक गणित लक्षात ठेवण्यासारखे आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असणाऱ्या कारागिरास आपल्या राज्यात सामान्यतः जीएसटीची नोंदणी लागत नाही. कंपनी बिलावर १८ टक्के आकारते. लाखाच्या कामावर हे १८ हजार होतात. नोंदणीकृत व्यापाऱ्यास ते सामान्यतः आपल्या करातून वळते करून घेता येतात, म्हणून दरपत्रकांची तुलना करताना त्याने ते वगळून पाहावे. ज्या संस्थेची नोंदणीच नाही तिला ते पदरचे भरावे लागतात. पैसे कोणालाही एकदम देऊ नयेत. आरंभी काही, पाने दिसू लागल्यावर काही, आणि अखेरचा हप्ता किल्ल्या हाती आल्यावर व बॅकअपची एक प्रत प्रत्यक्ष उघडून पाहिल्यावर. भेट देणाऱ्याचा संकेतस्थळाशी व्यवहार सुरक्षित ठेवणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ह्या सेवेकडून विनामूल्य मिळते. त्याचे वेगळे बिल कोणी लावले तर कशाचे ते विचारावे.

आपल्या जुन्या स्मरणिकांविषयी एक सूचना कारागिराच्या नेमणुकीपूर्वीच ध्यानात घ्यावी. गेल्या पंचवीस-तीस वर्षांचे अंक संगणकावर जुळविलेले आहेत, आणि त्यांच्या फाइली मुद्रकाकडे आहेत असे आपण म्हणतो. परंतु त्यांतील बहुतेक श्रीलिपीसारख्या जुन्या धाटणीच्या टंकांत आहेत. त्या जशाच्या तशा संकेतस्थळावर चढविल्या तर मराठीऐवजी चिन्हांचा बुजबुजाट दिसतो, आणि शोधणाऱ्याला त्यांत एक शब्दही सापडत नाही. तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो, आणि रूपांतरात जोडाक्षरे व रफार हमखास बिघडतात. ते तपासणे हे कारागिराचेही काम नव्हे आणि कंपनीचेही नव्हे. त्यासाठी आपल्यातील निवृत्त शिक्षक-शिक्षिकांनी पुढे यावे अशी माझी विनंती आहे. अनुभव असा आहे की संकेतस्थळे रखडतात ती कारागिराच्या आळसाने जितकी, तितकीच ग्राहकाने मजकूर वेळेवर न दिल्याने.

सभा सुरू होण्यापूर्वी एका भगिनींनी मला विचारले की, संकेतस्थळाचे नाव देवनागरीत घेता येईल काय. येईल. डॉट भारत हा देवनागरीतील प्रत्यय ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाला. संघाचे नाव मराठीत उमटलेले पाहून आपणां सर्वांस आनंद होईल, ह्यात संशय नाही. पण परदेशी वाढलेल्या आपल्या नातवंडांना देवनागरी टंकलेखन येतेच असे नाही, आणि ईमेलच्या पत्त्यासाठी अद्याप रोमन नावच सोयीचे पडते. दोन्ही नावे घ्यावीत आणि एक दुसऱ्याकडे वळवावे. दोन्हींचा वार्षिक खर्च मिळून सभागृहातील एका दिवसाच्या चहापाण्याहून अधिक होणार नाही. ह्या दोन नावांची नोंदणी, संघाच्या नावे आणि कार्यालयाच्या ईमेलवर, कोणत्याही दरपत्रकावर सही करण्यापूर्वी व्हावी, असा ठराव मी मंडळापुढे लेखी ठेवला आहे. त्यास अनुमोदन देण्याचे चिटणीसांनी मान्य केले आहे.